उपरण्याखालचा हात

“पोरगी गरीब दिसती. मारकी न्हाई.”

दाराआडून हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, एखाद्या गाईबद्दल बोलणं चाललंय. घोडेगावच्या बाजाराजवळच्या पशुखाद्य कारखान्याचं ते ऑफिस होतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक होतं. मग आत बोलावलं, आणि मालक मुनीमजींकडे पाहून ‘बघ, म्हणलं नव्हतं?’ अशी मान हलवून हसले. गाय मीच होते.

मुलाखत मॅनेजरच्या जागेची होती. अनोळखी माणसांसमोर माझा आवाज घशातच राहतो, म्हणून भिंगारच्या घरी आठवडाभर आरशासमोर उत्तरं घोकली होती, तीही इंग्रजीत. पप्पा फक्त सोडायला आले होते. मालकांनी समोरच्या खुर्चीत त्यांनाच बसवलं, मला कडेच्या बाकावर.

“गाव मूळचं कुठलं? लग्नाचं काय बघताय का न्हाई अजून?”

सगळे प्रश्न पप्पांना. माझी फाईल मांडीवरच राहिली.

“मॅनेजर म्हनून भाच्याला बसवायचं चाललंय आमचं,” मालक म्हणाले. “पोरगी फोन घील, विंग्रजी पत्रं लिहील. पगाराचं बोला, पाव्हनं. पन तोंडानं नगं.” आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी आपल्या हातावर टाकलं.

कारखाना काढण्याआधी ते बैलांचा व्यापार करायचे. गुरांच्या बाजारात भाव चारचौघांत बोलत नाहीत, कापडाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, हे मी ऐकून होते. पप्पांना ते येत असेल, हे मात्र स्वप्नातही आलं नव्हतं. माझे पप्पा लष्कराच्या कचेरीतले क्लार्क. भाजीवालीशीही कधी घासाघीस न करणारे.

पप्पांनी शर्टाची बाही सरकवली आणि हात उपरण्याखाली घातला.

दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. मालकांचे डोळे छताच्या पंख्यावर, पप्पांचे खिडकीबाहेरच्या पेंडीच्या पोत्यांवर. मध्ये ते पांढरं कापड मात्र जिवंत झालं होतं. खाली मांजराचं पिल्लू असावं तसं फुगायचं, थांबायचं, पुन्हा हलायचं. पप्पांचा चेहरा मी कधीच न पाहिलेल्या माणसाचा होता. शांत, पक्का, किंचित मिश्कील.

“न्हाई,” ते म्हणाले. “आजून.”

त्यांच्या तोंडून असं गावाकडचं ‘न्हाई’ मी पहिल्यांदाच ऐकत होते. हे सगळं पप्पा कुठे शिकले, आणि इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं?

“आरं तिच्या! पाव्हनं तर पक्कं व्यापारी निघालं!” मालक मांडीवर थाप मारून हसले. मुनीमजीही हसले. कापड पुन्हा हललं, आणि या वेळी पप्पांची मान होकारार्थी झुकू लागली.

तेव्हा कळलं, ते फोन घेणाऱ्या मुलीचा भाव ठरवत होते. इतका सुंदर सौदा मी कधी पाहिला नव्हता, आणि त्यात मी कुठेच नव्हते.

मी उठले. फाईल टेबलावर ठेवली आणि पप्पांच्या मनगटावर, उपरण्यावरूनच, हात ठेवला. मालक पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होते.

“काका, मला ही बोटांची भाषा येत नाही,” मी म्हणाले. “मी तोंडानेच बोलते. मी मॅनेजरच्या जागेसाठी आले आहे. त्याबद्दल विचारा, आणि मला विचारा.”