सुटं मोजू नका

"सुटं मोजू नका!" फळ्यावर डस्टर आपटून मॅडम ओरडायच्या. खडूची धूळ पहिल्या बाकापर्यंत उडायची.

आमच्या माजलगावच्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायच्या, मी मराठी शिकवायचो. त्यांचं संशोधन लोखंडाच्या अतिवाहकांवर आहे, एवढं ऐकून मी घरची बंद पडलेली पाण्यातली मोटार त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी वाकून वास घेतला.

"सर, मोटारीला काय झालं न्हाई. जळलीय ती तुमची अक्कल."

एकदा त्यांनी वर्गात एकाला उठवलं. "तुझ्या घरून ऊस तोडाय कारखान्याला किती गेले?"

"एक कोयता."

"म्हंजी?"

"आई अन् दादा."

"बघा! माणसं दोन, पण मुकादम धरतो एकच कोयता. लई थंडीत इलेक्ट्रॉन बी तशी जोडी करतात, मग वीज कुठंच अडत न्हाई. पण ह्या लोखंडातले महाभांडखोर. एकमेकाला ढकलत, टाळत चालतात. एकाचं पाऊल दुसऱ्यावर ठरतं. एकेकाचं वेगळं गणित मांडलं की चुकलंच. असल्यांची जोडी काहून जमती, तेच मी हुडकते."

"आमच्या घरी तर थंडीतही जमत नाही," माझा तास नसला की मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचो, तिथून म्हणालो. हाकलला गेलो.

मग कायम जागेच्या मुलाखती निघाल्या. मॅडमचं वय उलटत चाललेलं. ही जागा गेली की पुढची कधी निघणार? नोंदी घ्यायला मला बसवलं होतं.

संस्थेचे सचिव म्हणाले, "शोधनिबंधावर इतकी नावं. यातलं तुमचं एकटीचं काय, ते सांगा."

"गणित माझं, नमुने सोबतच्यांचे. पण नमुन्याबिगर गणित कशाचं? आमच्याकडं जोडीला कोयता म्हणतात, तसं..."

"मग कोयताच धरायचा होता!" सचिव हसले. बाकीच्यांनीही हसून घेतलं.

"धरलाय. आईसंगं, नांदूरघाटच्या टोळीत. फडात मला कुणी विचारलं न्हाई, यातला तुझा ऊस कुठला."

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर मूठ आपटली, ती बसली बशीवर, आणि चहा माझ्याच पँटवर. बंड तिथंच भिजलं. माणसाला धड रागही येऊ नये?

जागा मिळाली परीक्षेची गाइडं लिहिणाऱ्या एका गाइडवाल्याला. मुखपृष्ठावर त्याचं एकट्याचं नाव होतं ना!

मॅडम दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत गेल्या. परवा त्यांचा इथं असताना केलेला निबंध छापून आला. लगेच गेटवर फ्लेक्स: 'आमच्या महाविद्यालयाची भरारी'. सचिव, प्राचार्य, गाइडवाला, कोपऱ्यात हात जोडलेला मी. सगळे एकमेकांना खेटून.

मॅडमना तेवढं सुटं काढलंय.