कवी उसासे

खोटं काहून बोलू, तातेरावांचं वाटोळं मीच केलं.

आमच्या कुरुंद्यात हळद शिजवावी तर तातेरावांनीच. पण त्यांचा खरा जीव मंगलाष्टकांत. कोनाचंबी लगीन असो, दोन्हीकडची नावं गुंफून नवं अष्टक लिहायचे अन् स्वतःच म्हनायचे. डोळे मिटून, एक हात आभाळात, ओळीआधी लांबलचक उसासा. चाल जरा वाकडी, पण शब्द? आईशप्पत, नवरीची माय पदर डोळ्याला लावायची.

चौऱ्यान्नवच्या गणपतीत आमी पोरांनी गाण्याबजावण्याचं गमतीचं नाटक बसवलं. त्यात एक ढोंगी कवी होता, कवी उसासे. तो मी. सोंग कसं वठवावं सुचंना, म्हणून तातेरावांचंच उचललं. डोळे, हात, उसासा, सगळं बराबर. लोक हसून लोटपोट! तातेरावबी पुढं बसून हसले. मला वाटलं, मानूस मोठ्या मनाचा, त्याला लागलं न्हाई. कसलं काय! पार जवळा बाजार गावापर्यंत तेच नाटक आमी सात-आठ वेळा केलं. मग कुठल्याबी मांडवात तातेरावांनी डोळे मिटले की पोरं ओरडायची, "उसासे आले रे!" हळूहळू त्यांना अष्टक म्हनायला कोनी बोलवंना.

मी एकदा तरी माफी मागायची ना? न्हाई मागितली. जीभ झडली होती काय माझी!

दोन हजार तीनला त्यांच्या कोमलचं लगीन होतं. मुहूर्ताआधी तातेरावांनी मला मांडवामागं नेलं अन् खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"बालाजी, तूच म्हन. मी उभा राहिलो की लोक हसतेत. माझ्या लेकीच्या अक्षता हसण्यात पडू नयेत, बाबा."

"काका, चुकलं माझं," मी कसंबसं बोललो.

"ते ऱ्हाऊ दे. नीट म्हन, बस."

मी नीटच म्हनलं. डोळे उघडे, हात खाली, उसासा न्हाई. पहिलीच ओळ हळद शिजवनाऱ्या बापाच्या हातांवर होती. ती संपली न्हाई तोच मागून कोनीतरी ओरडलं, "अरे, कवी उसासे!" झालं! सगळा मांडव खदखदला. मी जितकं सरळ म्हनावं तितके लोक जास्त हसायचे. त्यांना वाटलं, गड्यानं नवं सोंग काढलं. अक्षता त्या हसण्यातच पडल्या.

अंतरपाटाआड कोमलचे खांदे हलून राहिले होते. "बघा, नवरीलाबी हसू आवरंना," वऱ्हाडातली बाई म्हनली.

मी कोमलच्या शेजारीच उभा होतो. ती रडून राहिली होती.