लॉरी मागे घेताना

माझा देवीवरचा विश्वास एका दिवसात उडाला नव्हता. यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी आईचा जितका धावा केला, तितका आयुष्यात कधी केला नसेल. यांचा जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं जड झालं. घरी आल्यावर यांना भात भरवताना एकदा मनात आलं, वाचवायचंच होतं तर पुरतं का नाही वाचवलं? हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. सणवार करत राहिले, आरतीला उभी राहत गेले. पण हात जोडले की आत काहीच उमटत नसे. खोटं बोलल्यासारखं वाटायचं. असं जवळजवळ वर्षभर चाललं.

आमचं घराणं मूळचं उदगीरकडचं. सासरे शेती सोडून सिकंदराबादला रेल्वेत लागले आणि इथलेच झाले. हे मात्र नोकरीत रमले नाहीत. यांनी स्वतःची लॉरी घेतली आणि वीस वर्षं तांदूरहून शहाबादी फरशी आणून शहरात पोचवली. हे अंथरुणाला खिळल्यावर लॉरी उभी राहिली. पगारी ड्रायव्हर ठेवून पाहिले. एक जण महिन्याभरात निघून गेला, दुसरा मनाला येईल तेव्हा यायचा. वर्षानुवर्षं आमच्याकडून माल नेणाऱ्यांचे फोन हळूहळू थांबले. खिडकीतून लॉरी दिसू नये म्हणून हे पडदा ओढून घ्यायला सांगायचे. मी आठ वर्षं विद्यानगरच्या गल्ल्यांमधून शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली होती. त्या बळावर एका संध्याकाळी मी म्हटलं, "लॉरी मी शिकते." यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी मुलीकडून याकूबभाईंना फोन लावून घेतला.

याकूबभाई यांचे जुने दोस्त. पस्तीस वर्षं लॉरी चालवून आता ते एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. त्यांनी मला तिथे दाखल करून घेतलं. शिवाय सुट्टीच्या दिवशी ते आमच्याच लॉरीवर माझा सराव घ्यायचे. पहिल्या दिवशी त्या उंच सीटवर बसले आणि खालचा रस्ता इतका लांब वाटला की मी स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. क्लच दाबताना मांडी भरून यायची. पण सरळ चालवणं, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं, ब्रेकचा हवेचा दाब काट्यावर बघणं, हे सगळं दोनेक महिन्यांत जमलं. जमेना ते एकच, मागे घेणं. मैदानात याकूबभाई दोन रिकामी पिंपं ठेवायचे आणि त्यांच्यामधून लॉरी मागे घ्यायला लावायचे. आरशात बघितलं की मला डावं-उजवं उलटं व्हायचं. रोज एक तरी पिंप आडवं व्हायचं. बाकीचे शिकणारे बहुतेक माझ्या मुलीच्या वयाचे. ते तोंड फिरवून हसायचे, ते मला त्याच आरशात दिसायचं. याकूबभाई मात्र कधी चिडले नाहीत. म्हणायचे, "भाबी, लॉरी आपकू नै खाती. घबराना नक्को."

लायसन्सच्या परीक्षेला आठ दिवस उरले, तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आजही जमलं नाही, तर यांना सांगायचं, लॉरी विकून टाकू. त्या दिवशी दुपारी मैदानावर कसला तरी मंडप घालत होते, म्हणून सराव रस्त्यावरच करू असं ठरवून आम्ही आमची लॉरी घेऊन निघालो. पुढे मुख्य रस्ता खणलेला होता. सगळी वाहनं वळवली होती, त्यांच्यामागे मीही वळले आणि एका अरुंद गल्लीत शिरले. छोटी वाहनं मधल्या बोळांतून निघून गेली. माझ्यासमोर मात्र खड्डा आणि त्याच्यापुढे लावलेले पत्रे. डाव्या हाताला गोदामाची लांबलचक भिंत, उजव्या हाताला उघडा नाला. मी याकूबभाईंकडे वळून बघितलं, तर त्यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता. त्यांना साखरेचा आजार आहे हे मला ठाऊक होतं, पण सकाळपासून ते जेवले नाहीत हे ठाऊक नव्हतं. "थोडा चक्कर आ रा भाबी," एवढं ते म्हणाले आणि त्यांचं डोकं खिडकीच्या काचेवर टेकलं. मी दोनदा हाक मारली. नुसतं पुटपुटणं ऐकू आलं.

त्यांच्या बाजूचं दार भिंतीला लागून होतं, वीतभरही उघडेना. माझ्या बाजूला खाली नाला. त्या भारदस्त माणसाला सीटवरून ओढून, नाल्यावरून खाली उतरवणं कुणालाच शक्य नव्हतं. नाल्यापलीकडच्या दुकानातल्या कुणीतरी ॲम्ब्युलन्सला फोन केला, पण ती आली तरी त्यांना बाहेर कसं काढणार? लॉरी मागे घेण्यावाचून इलाज नव्हता. तोवर माणसं जमली. कुणी तेलुगूत ओरडत होतं, कुणी उर्दूत. एक म्हणे राइट, दुसरा म्हणे लेफ्ट. मी रिव्हर्स गिअर टाकला आणि क्लच सोडू लागले. मागचं चाक नाल्याच्या काठावर आहे की काठापलीकडे, ते मला समजेना. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. मी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. तोंडातून "आई" एवढंच आलं. ती प्रार्थना नव्हती. दुखलं-खुपलं की निघतो, तसा शब्द होता तो.

मान वर केली, तर उजव्या आरशात एक बाई दिसली. साडीवर निळा कोट, केस घट्ट बांधलेले. तिने दोन्ही हात पसरून सगळ्यांना बाजूला सारलं आणि चक्क मराठीत मोठ्याने म्हणाली, "ताई, माझ्याकडं बघा. दुसऱ्या कुणाचं ऐकू नका." मी बघितलं. ती नाल्याच्या कडेला उभी होती, एक हात वर करून. "स्टेअरिंग सरळ ठेवा. सोडा हळूहळू. येऊ द्या, येऊ द्या." मी क्लच सोडला. लॉरी हलली. ती पाठीमागे एकेक पाऊल टाकत चालली होती आणि माझी नजर तिच्या त्या वर केलेल्या हातावरून हलत नव्हती. गल्ली जिथे वळत होती तिथे ती म्हणाली, "आता स्टेअरिंग थोडं माझ्या अंगाला मारा. अजून. बास, सरळ करा." मागे काय आहे, किती जागा उरली आहे, हा विचारच माझ्या मनातून गेला. ती म्हणेल तेवढं फिरवायचं आणि ती थांब म्हणाली की थांबायचं. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. तिने तळहात दाखवला तेव्हा लॉरी मोठ्या रस्त्यावर उभी होती आणि याकूबभाईंच्या बाजूचं दार सताड उघडलं होतं.

चार माणसांनी त्यांना उतरवून समोरच्याच दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर फार खाली गेली होती. सलाईन लावल्यावर अर्ध्या तासात त्यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "लॉरी किदर है?" मी म्हटलं, रस्त्याच्या कडेला आहे. "पीछे कौन लिया?" मी म्हटलं, "मैं ली." ते डोळे मिटून म्हणाले, "फिर पास हो गये आप." मला तेव्हा रडू आवरेना. बाहेर येऊन त्या बाईला शोधलं, पण ती निघून गेली होती. दुकानदाराला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. यांनी डावा हात कपाळाला लावला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्या भागात कुणी मराठी बोलत नाही, निळ्या कोटातली बाई आली कुठून आणि गेली कुठे? ती आईच होती, याबद्दल यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी वाद घातला नाही. मलाही तसंच वाटावं अशी इच्छा होती, पण मन पुरतं धजावत नव्हतं.

परीक्षेत मी पास झाले. त्यानंतर महिन्याभराने तांदूरची फरशी घेऊन त्याच भागातल्या एका गोदामात गेले, तर गेटवर तीच बाई. निळा कोट, हातात वही. मी उतरून थेट तिच्या पायाशी वाकले. ती मागे सरकली. "हे काय करायल्या ताई?" मी तिला सांगितलं, आमच्या घरात तुम्हाला आईच समजतात. ती हसली, पण चेष्टेने नाही. तिचं नाव सुनंदा. म्हणाली, "आम्ही देगलूरकडची बौद्ध माणसं. मी देवीबिवी मानत नाही. इथं दिवसभर गाड्या मागं घेऊन लावून द्यायचं माझं कामच हाय. त्या दिवशी ड्यूटी संपवून बसकडं निघाले होते. तुमच्या गाडीच्या फाळक्यावर मराठीत आईचं नाव लिहिलेलं दिसलं. म्हटलं, आपल्या भाषेतलं माणूस अडकलंय. म्हणून आले." मग तिने मला पाणी दिलं आणि माझी लॉरी गोदामाच्या दाराशी नीट लावून दिली.

परतीच्या वाटेवर मी खूप विचार केला. कोडं सुटलं म्हणून मन खट्टू होईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. उलट हलकं वाटलं. देवी मानत नसलेल्या बाईला देवीच्या नावाची अक्षरं दिसली आणि दिवसभर उभं राहून थकलेली ती बस सोडून वळली. याहून निराळी कृपा कशी असते, हे मला माहीत नाही आणि आता जाणून घ्यायचंही नाही. मी समजत होते की शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं. त्या गल्लीत तसं नव्हतं. स्टेअरिंग मलाच फिरवायचं होतं, क्लच मलाच सोडायचा होता. फक्त सगळं आपल्यालाच दिसलं पाहिजे, हा हट्ट सोडायचा होता.

सुनंदाताईंचे उपकार मी फेडू शकत नाही. त्यांच्या हातून जिने मला वाट दिली, तिचे तर नाहीच नाही. यांनी आता पडदा उघडा ठेवायला सांगितलं आहे. पहाटे तांदूरला निघताना मी सीटवर बसते, आरसे पुसते आणि हात जोडते. मागायला काही सुचत नाही. एवढंच म्हणते, पुढचं मला दिसतंय आई, मागचं तू बघ.