आर्वो साल्मेला आणि त्याचा लाल ट्रॅक्टर

आमच्या टेकडीवर नोव्हेंबरात बर्फ पडायला लागला की एप्रिल उजाडेपर्यंत सरोवराकडून येणारे ढग दम घेत नाहीत. रस्त्यावरून बर्फ ढकलणारा सरकारी नांगर फिरतो, पण रस्त्यापासून दारापर्यंतचा बर्फ ज्याचा त्याने बघायचा. आमच्या गल्लीत मात्र तो आर्वो बघायचा.

तो माझ्या समोरच्या घरात राहायचा. तरुणपणी तांब्याच्या खाणीत उतरलेला. खाण बंद पडली तेव्हा बाकीचे डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यांत गेले, हा राहिला. आधी लाकूडतोड केली, मग शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. खाणीच्या एका साहेबाकडे बागेतलं गवत कापायला छोटा लाल ट्रॅक्टर होता. साहेब गाव सोडून गेला आणि ट्रॅक्टर आर्वोकडे आला. आर्वोने त्याच्या तोंडाला बर्फ उडवणारं यंत्र बसवलं, चाकांना साखळ्या घातल्या, मागे वजनाला खाणीतलं भंगार लोखंड बांधलं. पुढचं फिरतं पातं बर्फ खायचं आणि वरची वाकडी नळी तो लांब फेकायची. वारा उलटा असला की सगळा आर्वोच्याच तोंडावर. तो घरी परतायचा तेव्हा भुवया पांढऱ्या आणि नाक बीटासारखं लाल. ट्रॅक्टरला तो बाईमाणसासारखं 'ही' म्हणायचा.

"माझ्या आधी हिची चौकशी," त्याची बायको इम्पी म्हणायची. "ताप मला आला, आणि हा तेल गरम करतोय ट्रॅक्टरचं."

"तू कुरकुरलीस तर कळतं मला," आर्वो म्हणायचा. "ही बिचारी मुकाट बंद पडते."

सकाळी सगळ्यांत आधी तो वळणावरच्या हॉस्किंगबाईंची वाट मोकळी करायचा. बाई विधवा, एकटीच राहायची. ती त्याला भट्टीतून काढलेली पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, कागदात गुंडाळून द्यायची आणि तो ती कोटाच्या आत, छातीशी धरून आणायचा. पुढे बाई गेली. रिकाम्या घराचं छप्पर एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने बसलं आणि पंचायतीने उरलंसुरलं पाडून टाकलं. त्याला कितीतरी वर्षं झाली.

आणि एका सकाळी मी कामावर निघालो तर वळणावर ट्रॅक्टरचा आवाज. आर्वो रस्त्यापासून आत, रिकाम्या माळावर, नीट सरळ वाट काढत चालला होता. दोन्ही बाजूंना कंबरभर उंचीच्या भिंती, मध्ये स्वच्छ वाट, आणि वाटेच्या टोकाला काही नाही. तिथे तो ट्रॅक्टर थांबवून उभा होता.

"काय रे आर्वो, इथे बंगला बांधतोस का?" मी हसून विचारलं.

"बाई दार उघडत नाही रे डेल," तो म्हणाला. "आजारी तर नसेल?"

माझं हसू तिथेच जिरलं. त्याला घरी आणलं तेव्हा इम्पी ओट्याशी उभी होती. तिने वेलचीच्या ब्रेडचा तुकडा कापून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तुला आज कळलं ना? मला उन्हाळ्यापासून माहीत आहे."

त्यानंतर तो रोज तिथली वाट काढायचा. आम्ही काढू दिली. कोणाचं काय बिघडत होतं?

बिघडलं ते जानेवारीत. ओला, जड बर्फ पडला होता आणि तो नळीत अडकला. अशा वेळी यंत्र बंद करायचं आणि काठीने बर्फ खाली पाडायचा, हे आख्ख्या गल्लीला आर्वोनेच ओरडून ओरडून शिकवलेलं. काठी त्याच्या सीटमागेच बांधलेली होती. त्या दिवशी त्याने यंत्र चालू ठेवून उजवा हात आत घातला.

मी पोचलो तेव्हा तो बर्फात बसून हाताकडे बघत होता. रडत नव्हता, ओरडत नव्हता. तीन बोटं गेली.

दवाखान्यात त्याला दर थोड्या वेळाने पट्टी दिसायची आणि तो दचकायचा. "इम्पी, हे काय झालं माझ्या हाताला?" इम्पी सांगायची. त्याचा चेहरा पडायचा, डोळे भरायचे. मग तो विसरायचा. मग पुन्हा पट्टी दिसायची. शेवटी इम्पी म्हणायला लागली, "काही नाही रे, खरचटलंय." माणसाला एकच दुःख किती वेळा नव्याने द्यायचं?

डॉक्टरांनी ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं. इम्पीने शेडमध्ये जाऊन इंजिनला ठिणगी देणारी प्लगची वायर काढली आणि शिवणाच्या पेटीत लपवली.

तिला वाटलं होतं तो विसरून जाईल. नेमकं तेवढंच तो विसरला नाही. रोज न्याहारी झाली की शेडमध्ये. किल्ली फिरवायचा, इंजिन घरघरायचं, चालू व्हायचं नाही. तो राहिलेल्या बोटांनी नटबोल्ट सोडायचा, कार्ब्युरेटर काढायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा. जिथे वायर हवी तिथे त्याची नजरच जायची नाही. जन्मभर ज्याच्या हाताखालून एकही यंत्र दुरुस्त न होता गेलं नाही असा माणूस. मी आत डोकावलो तर सीटवर डोकं टेकून रडत होता.

"डेल, माझं डोकं गेलं रे," तो म्हणाला. "हिला काय झालंय तेच कळत नाही मला."

मी इम्पीला सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग उठली, शिवणाची पेटी उघडली आणि वायर माझ्या हातात ठेवली. "लाव परत. हात जाऊ दे, पाय जाऊ दे. असं रडवायला मी त्याला सांभाळत नाहीये."

मी वायर लावली. पातं फिरवणारा पट्टा तेवढा काढून ठेवला, म्हणजे इजा नको. आर्वोला सीटवर बसवलं. "चल, कर चालू."

तो बसला. समोरच्या दांड्यांकडे पाहिलं. किल्लीला हात लावला, काढला. मग माझ्याकडे वळून फार अदबीने म्हणाला, "छान आहे हो ट्रॅक्टर. कोणाचा?"

शेडच्या दारात उभी असलेली इम्पी घरात निघून गेली.

वसंतात त्याला गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. इम्पी रोज जायची. पुढचा हिवाळा आला तेव्हा तो तिला ओळखत नव्हता. तिला नर्स समजून आभार मानायचा. नाताळनंतर त्याला न्यूमोनिया झाला आणि तो गेला.

आमच्याकडे हिवाळ्यात पुरता येत नाही. जमीन दगडासारखी गोठलेली असते. शवपेट्या दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवतात, मे महिन्यात माती सैल झाली की पुरतात. दफनभूमीचा रस्ता तोवर कोणी साफ करत नाही.

इम्पीने काही आठवडे कसेबसे काढले. मग एका दुपारी माझ्याकडे आली, डोक्याला लोकरी रुमाल बांधून. "मला त्याच्यापाशी जायचंय. नुसतं दारापाशी."

"इम्पी, छातीएवढा बर्फ आहे तिथे."

"ट्रॅक्टर आहे ना."

मी पात्याचा पट्टा परत चढवला. किल्लीच्या पहिल्याच फेरीत ट्रॅक्टर चालू झाला. माझ्या गाडीमागच्या ट्रेलरवर चढवून दफनभूमीच्या फाटकाशी नेला आणि आत घातला. इम्पी मागून चालत होती. बर्फाचे थर बसून घट्ट झाले होते. मी थोडा पुढे, थोडा मागे करत वाट काढत होतो. दगडी खोलीचं लोखंडी दार दिसायला लागलं. तेवढ्यात बर्फाखाली काहीतरी लागलं, बहुतेक एखाद्या थडग्याचा कोपरा. कडाड असा मोठा आवाज झाला आणि पातं थांबलं. खाली उतरून पाहिलं. गिअरबॉक्स उभा चिरला होता. तो भाग आता कुठे मिळत नाही. आर्वो असता तर त्याने घडवला असता.

मी फावडं घेऊन खणायला लागलो. वाऱ्याबरोबर सरोवराकडून नवा बर्फ आला, बारीक आणि आडवा. मी जेवढा काढत होतो तेवढा पुन्हा भरत होता.

"राहू दे, डेल," इम्पी म्हणाली.

"थोडंच उरलंय गं."

"राहू दे म्हणते ना."

ती त्या दाराकडे बघत उभी राहिली. दोघांच्या मध्ये फक्त बर्फ होता. तिने हातही जोडले नाहीत. मग वळली आणि आल्या वाटेने चालायला लागली. मी ट्रॅक्टर तिथेच सोडला. फाटकाशी पोचेपर्यंत त्याची सीट पांढरी झाली होती.