खुर्चीच्या मागे

“तुम करण के पीछे खड़ी रहना. वो अटके, तो धीरे से बता देना.”

आमचा टीम हेड मला म्हणाला. गुरुग्रामच्या ऑफिसात, मीटिंग रूमच्या दारात, सगळ्यांदेखत. आत क्लायंट बसलेले. माझ्याच टीममधला करण डेमो देणार होता. माझ्या मॅक्रोचा.

सरकारी वेबसाइटवरून टेंडरच्या फाइली उतरवून घेणं हे माझं काम. लिंक उघडा, डाउनलोड करा, नाव बदला, फोल्डरमध्ये टाका. दिवसभर तेच. डोकं गंजायला लागलं, म्हणून मी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिला. एक बटण दाबायचं, सगळ्या फाइली आपापल्या नावाने फोल्डरमध्ये. तेव्हा हाच हेड म्हणाला होता, मराठा खून है. एकदा पानिपतच्या लढाईचं स्मारक बघायला काला अंबला जाऊन आलेला. तेवढाच त्याचा महाराष्ट्र.

मग मी चौदा एप्रिलची सुट्टी मागितली. त्याने माझं पूर्ण नाव विचारलं, पप्पांची नोकरी विचारली. दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर ऐकून मान डोलावली.

“अच्छा. कोटा.”

खासगी कंपनीत कसला आलाय कोटा? पण तेवढी अक्कल त्याच्याकडून कोण मागणार. डेमो करणकडे गेला. डेमो ज्याचा, बढती त्याची, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक.

आणि मी उभी राहिले. खुर्चीच्या मागे, हात बांधून. आजही त्याची चीड येते.

करणने ऐटीत बटण दाबलं. फाइली धडाधड आल्या. टाळ्या. क्लायंट म्हणाले, एक उघडून दाखवा. उघडेना. दुसरी, तीही उघडेना. मला बघताक्षणी कळलं. या शहाण्याने वेबसाइटवर लॉगिनच केलं नव्हतं. लॉगिन नसेल तर साइट टेंडरऐवजी लॉगिनचंच पान देते, आणि मॅक्रो ते टेंडरच्या नावाने ठेवून देतो. वर नाव झकास, आत काही नाही. थेट करणसारखं.

करणने मागे न बघता कान माझ्याकडे केला. सवयीने मी वाकलेसुद्धा.

पप्पा जन्मभर साहेबांच्या टेबलाशी उभे राहिले. घरी आले की बूट न काढता आधी खुर्चीत बसायचे. ते आठवलं आणि मी सरळ झाले.

“कान में नहीं बताऊँगी. ये मैंने बनाया है. मुझे कुर्सी दीजिए.”

हेड हसला. “सीरियस मत हो यार.”

खुर्ची कुणी दिली नाही. मी बाहेर आले. क्लायंटसुद्धा थोड्या वेळाने उठून गेले.

बढती तरीही करणलाच मिळाली. मिळू दे. मॅक्रोत मी माझं पूर्ण नाव घातलंय, आडनावासकट. बटण दाबलं की आधी ते समोर येतं, मग फाइली. हेडने काढायला सांगितलं. मी नाही म्हटलं. कामावरून काढायचं असेल तर काढ, पण तसं लेखी दे, म्हटलं.

कान पुढे करणाऱ्याला आता माझ्याकडून एक शब्द मिळणार नाही. ज्याला विचारायचंय त्याने समोर खुर्ची ठेवावी आणि चार लोकांत, मोठ्याने विचारावं.