घरच्यांना कोणी भेटतं का?

कॉलेजातून फोन आला तेव्हा मी पेठ वडगावात एका पेशंट म्हातारीच्या घरी, पुढच्या सोप्यात फॉर्म भरत बसले होते आणि मनातल्या मनात धाकट्या भावावर, सुहासवर, चरफडत होते. वर्गात शिकवता शिकवताच तो कोसळला. हृदयविकार... मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दीड महिना झाला, अजून एका जागी बसवत नाही.

सुहास गणिताचा प्राध्यापक. टीबी एकापासून किती जणांत पसरतो, कोणाला आधी प्रतिबंधक गोळ्या दिल्या तर थांबतो, हे तो समीकरणांत मांडायचा. मी टीबी विभागात फिरतीवर, म्हणून माहिती गोळा करणं माझ्या गळ्यात. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवतानाही विषय खोकल्याचाच!

एके दिवशी तो कपाळाला हात लावून बसला. "अक्का, तुझ्या आकड्यांनी घरात टीबी पसरतच न्हाय की! बायकापोरांना गोळ्या नकोत म्हणतंय गणित."

"मग गणित चुकलं असंल तुझं."

चुकले होते मी. मी विचारायची, "काल कोणाकोणाला भेटलासा?" लोक दूधकट्टा, तालीम, बाजार सगळं सांगत. घरातल्या माणसाचं नाव एकानंही घेतलं नाही. घरच्यांना कोणी भेटतं का? सुहासनं प्रश्न बदलला, "काल कोणाबरोबर एका खोलीत बसलासा? किती वेळ?" आणि सगळे फॉर्म पुन्हा भरायला सांगितले. माझं डोकंच फिरलं. "उन्हातनं तू फिर की!" तोही तडकला, "पोरांस्नी गोळ्या न्हाय मिळाल्या तर तू जबाबदार." चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पाचव्या दिवशी मी रागारागानं वडगाव गाठलं, आणि तो फोन आला.

तेराव्यानंतर म्हातारीचा अर्धवट फॉर्म घेऊन परत गेले. "सून असती की माझ्यासंगट, दिवसभर," ती म्हणाली. सुनेला खोकला होताच. तपासलं, टीबी निघाला. पहिल्या फॉर्मवर ती नव्हतीच! आता तिला औषध चालू आहे, तिच्या दोन्ही लेकींना गोळ्या. सुहासचं बरोबर होतं, आणि हे त्याला सांगता येत नाही याचा मला संताप येतो.

काल एक कोरा फॉर्म उरला, त्यावर माझंच नाव घातलं. ते शेवटचे चार दिवस लिहायला घेतले. कोणाबरोबर: सुहास. खोली: स्वयंपाकघर. वेळ: रोज अर्धा तास, माना खाली घालून जेवत. त्याच्या गणितानं आम्ही रोज भेटलो होतो. बोललात का, असा रकानाच नाही त्याच्या फॉर्मवर... अगं बये, ‘भात वाढू का रं?’ एवढं तरी विचारायचं होतंस!