ढोमणेकाका आणि उतारावरचा दुसरा गिअर

श्री. शंकरराव ढोमणे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आमच्या पडवीत शुद्धलेखन लिहीत बसले होते. माझी पहिली शाळा ती पडवीच. एका बाजूला बाबांचे डिझेल पंप दुरुस्त करायचे टेबल आणि दुसऱ्या बाजूला आईने मांडून दिलेली पाटी. मराठी आईकडून आणि पंप बाबांकडून, असे माझे शिक्षण एकाच वेळी सुरू झाले. त्या दिवशी काका पंप न्यायला आले होते आणि बाबा घरी नव्हते. काका माझ्याशेजारी जमिनीवर बसले. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी बाबांच्या स्कूटरचा आवाज आला, तसे त्यांनी डोळे मिटले. बाबा आत येताच म्हणाले, "भाऊ, डोळे तपासून घ्या. फाटकापाशी ब्रेक उशिरा लावून राहिले तुम्ही." बाबा हसले. आईने मात्र त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरकडे नेले आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर वाढलेला निघाला. मला काकांचे कौतुक वाटले नाही, भीती वाटली. माझ्या चालण्यावरून यांना काय काय कळत असेल, या धास्तीने ते जाईपर्यंत मी जागची हलले नव्हते.

काकांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी मंडळींनी मला, त्यांच्या गॅरेजात काम करणारी म्हणून, त्यांच्या कामाविषयी लिहायला सांगितले. पुढचे सगळे मी काकांना आधी वाचून दाखवले आहे. एका प्रसंगापाशी ते म्हणाले, "हे नको लिहू, त्यात तुझी चूक आहे." त्याच कारणासाठी तो मी लिहिते आहे.

काकांचे वडील जबलपूरच्या सरकारी कचेरीत मोटार चालवत. राज्यांची फेररचना झाली तेव्हा काका जेमतेम सहा-सात वर्षांचे होते. कचेरीतली माणसे कोणी नागपूरला गेली, कोणी भोपाळला. आवारात एक बंद पडलेली गाडी उरली. हुकूम येईपर्यंत ती सांभाळा, असे त्यांच्या वडिलांना सांगण्यात आले. हुकूम कधीच आला नाही. वडील रोज सकाळी ती गाडी पुसत आणि थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसत. काका तिच्याच खाली पडून यंत्र शिकले. आपण जबलपूरचे का झालो, असे कोणी विचारले की ते म्हणतात, "गाडी चालू झाली असती तर नागपूरचे झालो असतो."

पुढे कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत स्वतःचे काम सुरू केले. गाडी वेग उचलत नाही, ओझ्याने धापा टाकते, गिअर झटका देतो, अशा तक्रारी घेऊन लोक त्यांच्याकडे येतात. काका बॉनेट उघडत नाहीत. मालकाला गाडी चालवायला लावतात, स्वतः शेजारी बसून डोळे मिटतात आणि म्हणतात, "चलो." सदरमधून बड्या फुहाऱ्याच्या, म्हणजे मोठ्या कारंज्याच्या चौकातल्या गर्दीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत ते एक शब्द बोलत नाहीत. आल्यावर वहीत दोन ओळी लिहितात, आणि त्या गाडीबद्दल नसतात. माझ्या वडिलांनी पुढे पंप नेण्यासाठी मागे उघडा हौदा असलेली पिकअप घेतली; तेव्हाचे त्यांचे पान त्यांच्या परवानगीने मी पाहिले आहे. त्यावर लिहिले होते: "गिअर बदलताना श्वास रोखतात. मुलीची काळजी." इंजिनाला डिझेल किती आणि केव्हा द्यायचे, गिअर कोणत्या वेगाला बदलायचा, हे सगळे काका त्या दोन ओळींवरून ठरवतात. ज्याचे पान त्याच्या परवानगीशिवाय ते उघडायचे नाही, हा आमच्या गॅरेजचा नियम आहे.

अशी लावलेली गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की तिचा आवाज बदलतो. एकदा गल्लीतल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांची पिकअप समोरून गेली. काकांच्या हातात चहा होता. ते म्हणाले, "साहेब नाहीत गाडीत." गाडीत साहेबांचा मुलगा होता आणि साहेबांना तासाभरापूर्वीच दवाखान्यात हलवले होते. काकांनी चहा तसाच ठेवला, त्या मुलाला हात करून थांबवले आणि त्याच्याबरोबर गेले. दोन दिवस ते दवाखान्याच्या बाकावर बसून होते. साहेब बरे होऊन आले तेव्हा म्हणाले, "ढोमणे, तुमने इंजन सुना था या मुझे?" काकांनी विषय बदलला.

माझा डिप्लोमा झाला तेव्हा गाड्यांत कॉम्प्युटर आले होते. काका घरी येऊन बाबांना म्हणाले, "तुमच्या पोरीला लॅपटॉप येते, मले माणूस येते. दोघं मिळून एक मेकॅनिक होईल." गल्लीतल्या एका टॅक्सीवाल्याने टोमणा मारला की आता दीदी गिअर टाकणार, तर आम्ही पायीच जाऊ. काकांनी त्याचीच टॅक्सी माझ्याकडे सोपवली. नंतर तो माझ्याशिवाय कोणाला हात लावू देईना. असे काकांनी मला गॅरेजात उभे केले. माझ्या हातून जे घडले, ते या विश्वासाच्या बळावरच घडले.

शहराजवळच्या, नर्मदेकाठच्या भेडाघाटच्या कारागिरांच्या संगमरवरी मूर्ती पोचवणारे हरप्रसादजी काकांचे जुने गिऱ्हाईक होते. दगडाची लादी पडून त्यांचा डावा पाय गेला. क्लच दाबता येईना, म्हणजे धंदा संपला. काकांनी दुसऱ्या एका गाडीची ऑटोमॅटिक गिअरपेटी त्यांच्या पिकअपला बसवली. त्यासाठी लागणारे जोड घरी घडवले, इंजिन त्या पेटीला जुळेल असे लावले. कोणत्या वेगाला, किती ओझ्याला कोणता गिअर लागावा याचा कॉम्प्युटरमधला तक्ता आम्ही दोघांनी भरला. तोवर आकडे भरायला काका माझ्याकडून शिकले होते. शेवटचे दोन दिवस मात्र ते लॅपटॉप घेऊन एकटेच हरप्रसादजींबरोबर भेडाघाटला गेले होते. त्यानंतर ती पिकअप अशी चालायची की मागे बांधलेल्या मूर्तीच्या बोटालाही धक्का लागत नसे.

हरप्रसादजी आजारपणात वारले. वर्षश्राद्धानंतर त्यांच्या पत्नी सविताजी पिकअप घेऊन आल्या. ती आता त्या स्वतः चालवणार होत्या. घरात त्या आणि सासू, दोघीच. काका तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला मुलीकडे होते. फोनवर त्यांनी एवढेच सांगितले, "आधी तिले ऐक, मग हात लाव."

मी सविताजींच्या शेजारी बसले, डोळे मिटले, फुहाऱ्यापर्यंत जाऊन आले. रस्ता सपाट आणि गाडी रिकामी होती. आल्यावर तक्ता उघडला तर त्यात एक विचित्र खड्डा दिसला. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना, ठरावीक वेगांच्या चार-पाच घरांत, जिथे सगळीकडे तिसरा गिअर होता तिथे मधेच दुसरा लिहिलेला होता. मला वाटले, काकांना तेव्हा नीट दिसत नव्हते, आकडा चुकला असणार. वहीत पाहावे तर पान हरप्रसादजींचे, आणि परवानगी द्यायला ते नव्हते. फोन करून विचारावे तर डोळ्यांवर पट्टी असलेल्या माणसाला त्याची चूक दाखवायची. मी खड्डा भरून टाकला, तिसरा लिहिला, आणि काकांना सांगितले नाही. हे मी त्यांचा मान राखण्यासाठी केले, असे मला खरेच वाटत होते.

बारा दिवसांनी, भर दुपारी, सविताजी परत आल्या. काका आदल्याच दिवशी आले होते. तासाभरापूर्वी, आठ मूर्ती लादून, सासूला शेजारी बसवून, सविताजी नदीकडच्या उतारावरून खाली येत होत्या. तो रस्ता अरुंद आहे, खाली एकदम वळतो आणि वळणापुढे कडा आहे. ब्रेक तापून ढिले पडले. पाय खाली जात होता, गाडी थांबत नव्हती. मग वळणाच्या आधी गाडी आपोआप दुसऱ्यात उतरली, इंजिन घुमले आणि गाडी चालण्याच्या वेगावर आली. सासू मांडीवर हात ठेवून शांत बसून होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "लल्ला ने पाँव धर दओ." मुलाने पाय ठेवला.

सविताजी भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी मला खालच्या आवाजात विचारले, "दीदी, वो अभी भी चला रहे हैं क्या?"

काका लगेच म्हणाले की घाबरू नका, तो दुसरा गिअर मीच लिहून ठेवला आहे. आणि तेव्हा मला सांगावे लागले की तो तिथे नाही. तो मी पुसला आहे.

काका मला रागावले नाहीत. त्यांनी वही आणली, सविताजींची परवानगी घेतली आणि पान माझ्यासमोर धरले. "उतारावर उजवा पायही थकून थरथरतो. सांगत नाही. आपण सांगू नये." खड्डा त्या थरथरीसाठी होता, ब्रेकवर पाय कमी पडला तरी खालच्या गिअरात इंजिनानेच गाडी रोखून धरावी म्हणून. मग त्यांनी नोंद काढायला सांगितली. पेटीचा कॉम्प्युटर प्रत्येक क्षणी कोणता गिअर मागितला आणि कोणता लागला हे लिहून ठेवतो. त्या दुपारच्या नोंदीत, उतारावर, मागितलेला गिअर तिसरा होता आणि लागलेला दुसरा. अकरा सेकंद.

आम्ही तारा तपासल्या, तेल तपासले, पेटीतल्या झडपा उघडून पाहिल्या. कुठेच काही नव्हते. काका म्हणाले, "बिघाड सापडला असता तर बरं झालं असतं." ब्रेक नवे घालून, मूर्तींच्या वजनाइतकी वाळूची पोती भरून, काकांनी तीच गाडी त्याच तक्त्यावर त्याच उतारावरून तीनदा खाली आणली. मी शेजारी लॅपटॉप धरून होते. तिन्ही वेळा तिसरा. चौथ्यांदा काका शेजारी सरकले आणि सविताजींना चालवायला सांगितले. मी मागच्या पोत्यांवर बसले. ऊन पांढऱ्या दगडावरून डोळ्यांत येत होते, खाली नदीचा आवाजही नव्हता. वळणाच्या आधी इंजिनाचा सूर उतरला. मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या काकांनी डोळे उघडले आणि सविताजींच्या पायांकडे पाहिले. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता. त्यानंतर काकांनी हात जोडले. का जोडले ते मी विचारले नाही. नोंदीत पुन्हा तेच होते.

तिथेच गाडी थांबवून त्यांनी मला पुसलेला दुसरा गिअर परत लिहायला सांगितले. सविताजी आडव्या आल्या. मी पुसल्यामुळेच त्यांना कळले होते. वर्षभर ज्या माणसासाठी त्या रडल्या, तो या एका वळणावर येतो, हे कळले होते. त्या म्हणाल्या, "काकाजी, आपने वापस डाल दिया तो हमें कैसे पता चलेगा कि वो हैं, कि मशीन है?"

काका मग म्हणाले, "नहीं पता चलेगा, बेटी. गाड़ी रुकेगी, इतना पता रहेगा."

त्यांनी तिथे चार वाक्ये जास्त बोलून त्या बाईचे समाधान केले असते, किंवा तिच्या मनासारखे होऊ दिले असते, तर कोणीही त्यांना दयाळूच म्हटले असते. ते तिच्या शेजारी दगडावर बसून राहिले, ती स्वतः "ठीक है" म्हणेपर्यंत. मग मी आकडे लिहिले. परतताना मी माफी मागितली तर म्हणाले, "चूक वाटली तर विचारत जा. माह्या मानाची काळजी तू काहून करून राहिली? मान उतारावर कामी नाही येत."

सविताजी आजही त्या उतारावरून मूर्ती आणतात. दर महिन्याला मी नोंद पाहते. आता दोन्ही रकान्यांत दोन लिहिलेले असते, मागितलेलाही दुसरा आणि लागलेलाही दुसरा. आधी कोण, हे त्यावरून ओळखता येत नाही. काकांना मी एकदा विचारले की तुम्हाला काय वाटते. ते म्हणाले की मला वाटून काय उपयोग, ब्रेकचे पॅड पाहिलेस का.

काकांनी लावलेल्या कितीतरी पिकअप या शहरात फिरतात. गॅरेजच्या दारात उभी राहिले की त्या मला दुरूनच ओळखू येतात, कारण चालवणारा कोणीही असो, त्यांच्यात काकांचाही हात असतो. माणूस गेल्यावर त्याचा यंत्रातला हात कसा असतो, हे मी एकदा पोत्यांवर बसून पाहिले आहे. म्हणून या प्रसंगी माझी इच्छा थोडी स्वार्थी आहे. काकांचा हात मला एवढ्यात नुसत्या यंत्रातून ऐकायचा नाही. ते शेजारच्या सीटवर बसलेले मला हवे आहेत, खोकणारे, चहा मागणारे, माझी चूक मी करायच्या आधी ओळखणारे. त्यांचे नवे डोळे आणि जुने कान शाबूत राहोत, गुडघे दुखणे थांबो, त्यांना निरोगी आणि खूप मोठे आयुष्य लाभो. आणि ते संपेल तेव्हा मी इतकी म्हातारी झालेली असावी, की कोणत्याही उतारावर गाडी चालवायची पाळी माझ्यावर येऊ नये.